शोधपेटीतील शब्द : संगणकीय कोश आणि महाराष्ट्राबाहेरचा मराठी वाचक

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या दोन तारखांच्या मध्ये मराठी भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक तारीख येते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात गेले, तर दुर्ग मध्यप्रदेशात राहिला. २००० पासून तो छत्तीसगढात आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे होतीच. कारखान्यामुळे विदर्भातून आणखी आली. वैशाली नगर ही भिलाईतील अशा संमिश्र वस्त्यांपैकी एक. अशा वस्तीत मराठी घरात बोलली जाते, शाळेत हिंदी शिकवली जाते, बाजारात छत्तीसगढी कानी पडते आणि कारखान्याच्या कामकाजात इंग्रजीवाचून चालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला मराठी ऐकता येते, बोलता येते, परंतु जुने मराठी पुस्तक हाती घेतले की शब्द अडतो. कोशाची खरी गरज अशा वाचकाला असते. आणि मुद्रित कोशाच्या काळात कोश त्याच्यापासूनच सर्वांत दूर होता.

दूर होता याचा अर्थ केवळ दुकान दूर होते, असा नव्हे. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत आणि त्याची पुरवणी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. हे आठ ग्रंथ घरी बाळगणे पुण्यातील मध्यमवर्गीय वाचकालाही सोपे नव्हते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर १८३१ मध्ये प्रथम व १८५७ मध्ये सुधारून वाढविलेल्या दुसऱ्या आवृत्तीत निघाला. १९७५ चे पुण्याचे पुनर्मुद्रण येईपर्यंत तो बहुशः ग्रंथालयांतच पाहावयास मिळे. आज शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' या संकेतस्थळावर मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, वझे यांचा १९११ चा शालेय कोश, दाते-कर्वे यांचा कोश, मॅक्सीन बर्न्ट्सेन यांचा १९८२-८३ चा मराठी-इंग्रजी कोश आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा १९९९ मधील कोश हे सारे विनामूल्य पाहता येतात. 'बृहद्कोश' या संकेतस्थळाने तर अनेक मराठी कोश एकाच शोधपेटीखाली आणले आहेत. भिलाईतील वाचकाच्या हातातील भ्रमणध्वनीवर आज जी कोशसंपदा आहे, ती एका पिढीपूर्वी चांगल्या महाविद्यालयीन ग्रंथालयातही एकत्र सापडली नसती.

हा लाभ उघड आहे आणि त्याची थोरवी विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो पुढच्या प्रश्नाचा : कोश पुस्तकातून शोधपेटीत गेला म्हणजे तो तोच कोश राहतो काय?

एक साधा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. आजच्या मराठीत 'नाव' हा शब्द लिहून मोल्सवर्थच्या कोशात शोध घेतला, तर उत्तर येते 'होडी'. उत्तर चूक नाही. 'नौ'पासून आलेला तो स्वतंत्र शब्द आहे. परंतु वाचकाला हवा होता 'नाम'पासून आलेला शब्द, आणि तो मोल्सवर्थने त्या काळच्या रीतीप्रमाणे 'नांव' असा, अनुस्वार देऊन, छापला आहे. 'पाच' शोधणाऱ्याला संख्येऐवजी हिरवे रत्न मिळते. संख्या 'पांच' या नोंदीत आहे. 'गाव', 'दात', 'काही' या शब्दांचीही हीच गत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व १९६२ मध्ये शासनमान्य झालेले चौदा लेखननियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले व अंत्य इकार-उकार सामान्यतः दीर्घ केले. त्यामुळे जुन्या कोशातील 'कवि' आणि आजच्या पुस्तकातील 'कवी' यांच्यात एका वेलांटीचे अंतर पडले. छापील कोशात हे अंतर वाचकाची नजर सहज ओलांडीत असे. 'नाव' शोधणारा 'नांव'वरही अडखळे, कारण दोन्ही नोंदी फार दूर नसत. शेजारचा शब्द न मागता दिसे. अक्षरशः जुळणी करणारे शोधयंत्र मात्र मागितले तेवढेच देते. त्याहून वाईट असे की 'पाच' किंवा 'नाव' यांच्या बाबतीत ते काहीतरी देते, आणि त्यामुळे आपली फसगत झाली हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. महाराष्ट्रातील मराठी वाचक जुन्या लेखनाला थोडा तरी सरावलेला असतो. ज्याने मराठी शाळेत शिकलेलीच नाही, त्याला अनुस्वाराच्या त्या टिंबामागे शंभर वर्षांचा वाद आहे हे कोण सांगणार?

यावर उपाय नाही असे नाही. जुने लेखन जसेच्या तसे राखून त्याच्यामागे आजच्या लेखनाची एक अदृश्य सूची जोडता येते. 'नाव' शोधले असता 'नाव' व 'नांव' अशा दोन्ही नोंदी समोर ठेवता येतात. परंतु हे काम यंत्र आपण होऊन करीत नाही. कोणत्या जोड्या लावावयाच्या हे मराठीच्या लेखनाचा इतिहास जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणजे कोशकाराचे काम संपले नसून त्याची जागा बदलली आहे.

लिपीच्या संगणकीय रूपाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. १९९१ मध्ये युनिकोड या सर्वलिपी-संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्थान मिळाले. प्रत्येक अक्षराला ठरलेला अंक मिळाल्यामुळे एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येऊ लागला. आधीच्या काळात मुद्रणालय बदलले की मजकूर निरर्थक होत असे, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच या सुधारणेचे मोल कळेल. परंतु मराठीचा एक खास वर्णविशेष येथे अडचण करतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढा भेद आहे व तो केवळ रफाराने व अर्ध्या र च्या आडव्या चिन्हाने दाखविला जातो. हे आडवे चिन्ह संगणकात दोन वेगवेगळ्या अंकमालिकांनी लिहिता येते. डोळ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न शब्दांसारखी वाटतात. 'वऱ्हाडी' हा शब्दच घ्यावा. एका पद्धतीने टंकित केलेला 'वऱ्हाडी' दुसऱ्या पद्धतीने शोधला, आणि शोधयंत्र त्यासाठी तयार केलेले नसले, तर तो कोशात नाहीच असे उत्तर मिळेल. विदर्भातून आलेल्या घरातील मुलाने आपल्या बोलीचे नाव शोधावे व कोशाने ते नाकारावे, असा हा प्रकार आहे.

वऱ्हाडीचा उल्लेख आलाच आहे, तर संगणकीय कोशाने खरोखर नवे असे जे दिले, त्याकडे वळले पाहिजे. छापील कोश शब्दाकडून अर्थाकडे नेतो. त्याची दारे वर्णानुक्रमाने लावलेली असतात आणि त्या दारांनीच आत जाता येते. दाते-कर्वे यांच्या कोशात बोलीतील शब्दांपुढे त्या त्या प्रदेशाच्या खुणा आहेत : '(व.)' म्हणजे वऱ्हाडी, '(ना.)' म्हणजे नागपुरी, '(को.)' म्हणजे कोकणातील. या खुणा सात विभागांत व पुरवणीत विखुरलेल्या आहेत. सर्व नागपुरी शब्द एकत्र पाहावयाचे तर एखाद्या अभ्यासकाला हजारो पृष्ठे चाळून टिपणे काढावी लागत; एका प्रबंधाचे आयुष्य त्यात जावे. आता केवळ शीर्षशब्दात नव्हे, तर नोंदीच्या संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो, आणि त्यामुळे नागपुरी म्हणून नोंदलेले शब्द एकामागून एक समोर आणता येतात. कोशाच्या आत एक दुसरा कोश दडलेला होता. तो संपादकांनीच रचला होता, परंतु त्यांनाही तो वेगळा काढून दाखविता आला नसता. तीच गोष्ट उताऱ्यांची. ज्ञानेश्वरीतील दाखला ज्या ज्या नोंदीत दिला आहे, त्या साऱ्या नोंदी एकत्र करून कोशकारांनी त्या ग्रंथाचा किती व कसा उपयोग केला हे तपासता येते. वर्णानुक्रम हा कोशाचा आत्मा नव्हे, ती त्याची एक सोय होती, हे आता कोठे स्पष्ट झाले.

अर्थात येथेही सावधगिरी हवी. यंत्राने कंस गाळले तर '(ना.)' ही खूण आणि 'ना' हे अव्यय यांत भेद उरत नाही. मूळ छपाईत कोठे टिंब सुटलेले असते, कोठे टंकलेखकाने 'घ'चा 'ध' किंवा 'भ'चा 'म' केलेला असतो. छापील पृष्ठावर वाचक संदर्भाने चूक ओळखतो आणि पुढे जातो; शोधपेटीत चुकलेला शब्द म्हणजे हरवलेला शब्द. म्हणून शिकागोच्या प्रतीत नोंदीबरोबर मूळ ग्रंथाचा पृष्ठांक दिलेला असतो, ही गोष्ट लहान दिसली तरी मोलाची आहे. संशय आला तर मूळ पानाकडे परत जाण्याची वाट तेवढी उघडी राहते.

पानाकडे परत गेल्यावर आणखी एक गोष्ट भेटते, ती म्हणजे प्रस्तावना. मोल्सवर्थने जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या व मराठी पंडितांच्या साहाय्याने आपला कोश रचला. दुसऱ्या आवृत्तीला जॉन विल्सन यांनी मराठी भाषेच्या घटकांवर व प्रसारावर लिहिलेले टिपण जोडलेले आहे. शब्द संस्कृतातून आला, फारसीतून, अरबीतून की हिंदीतून, याच्या खुणा कोशात आहेत आणि त्या खुणांचा अर्थ आरंभीच्या पानांत आहे. कोश कोणी, कोणासाठी, कोणत्या कारणाने केला हे या पानांवरून कळते : हा कोश इंग्रज अधिकाऱ्याला व पाद्र्याला मराठी समजावी म्हणून झाला होता आणि त्यातील अर्थविवरणात त्या दृष्टीचा रंग जागोजाग आहे. जातींविषयीच्या, स्त्रियांविषयीच्या, देवदेवतांविषयीच्या नोंदी वाचताना हे स्मरणात असावे लागते. शोधपेटीतून आलेल्या नोंदीला मात्र प्रस्तावना नसते. अनेक कोश एकत्र शोधणाऱ्या संकेतस्थळावर १८५७, १९३२ आणि १९९९ या सालांतील नोंदी एकाखाली एक उभ्या राहतात, जणू तिघे एकाच सभेत बोलत आहेत. कोशाचे नाव बाजूला लिहिलेले असते हे खरे. परंतु घाईतील वाचक नाव वाचीत नाही, पहिले उत्तर वाचतो. कालक्रमाचे भान ही विद्वत्तेची प्राथमिक अट आहे, आणि नव्या साधनाने प्रथम तिलाच सैल केले आहे.

कोशरचनेच्या बाजूने पाहिले तर बदल याहूनही खोल आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केले. ऋग्वेदापासून अर्वाचीन काळापर्यंतच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि अनेक खंड प्रसिद्ध होऊनही काम अद्याप 'अ' या अक्षराच्या पुढे गेलेले नाही. या संथपणाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्या चिठ्ठीत काय असते हे पाहिले तर थट्टा ओसरेल : शब्द, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव, स्थळ. एका माणसाने तो ग्रंथ वाचला, तो शब्द लक्षणीय वाटला म्हणून टिपला. या पद्धतीचे बळ याच निवडीत आहे आणि दोषही तेथेच आहे. वाचणाऱ्याला असाधारण शब्द चटकन दिसतो. 'करणे', 'लागणे', 'पडणे' यांसारख्या रोजच्या क्रियापदांच्या शेकडो छटा डोळ्यांसमोरून निघून जातात.

संगणकीय मजकूरसंग्रहाने ही उणीव भरून काढली. निवड न करता लाखो शब्दांचा सलग मजकूर यंत्रात भरावयाचा आणि एखादा शब्द ज्या ज्या ठिकाणी आला ती सारी वाक्ये एकाखाली एक मांडून पाहावयाची, अशी ही रीत. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम येथे या रीतीने तयार झालेला इंग्रजी कोश १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोशशास्त्राची दिशा बदलली. या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ या एका वर्षात छापल्या गेलेल्या मजकुरातून दहा लक्ष शब्दांचा संग्रह संगणकावर सिद्ध केला. मात्र तो संग्रह भारतीय इंग्रजीचा होता. मराठी प्रदेशातील विद्यापीठाने केलेल्या या कामात मराठीचा क्रम नंतर लागला. १९९१ पासून केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या योजनेत भारतीय भाषांचे प्रत्येकी सुमारे तीस लक्ष शब्दांचे संग्रह करण्यास आरंभ झाला व त्यांत मराठीचा समावेश झाला.

अशा संग्रहावरून आणखी एक सोय निर्माण होते, जिची किंमत भिलाईतील वाचकाला पुण्यातील वाचकापेक्षा अधिक कळेल. मराठीत शब्द वाक्यात येतो तो बहुधा सामान्यरूपात. 'सुनेला' हे रूप पाहून 'सून' शोधावे, 'फुलाने' पाहून 'फूल', 'पाण्यात' पाहून 'पाणी', हे ज्याला भाषा येते त्यालाच सुचते. कोश मूळ शब्द मागतो आणि मूळ शब्द ठाऊक नसतो म्हणून तर कोश उघडलेला असतो. रूपविश्लेषण करणारे यंत्र ही गाठ सोडविते. तसेच मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत हिंदीनंतर सिद्ध झालेले मराठी शब्दजाल : त्यात शब्द अक्षरांनुसार नव्हे, तर अर्थांनुसार लावलेले असून हिंदीतील अर्थगट मराठीतील अर्थगटाशी जोडलेला आहे. हिंदी शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला 'शिक्षा' हा शब्द विद्येचा वाटतो आणि घरी आजी तो दंडाच्या अर्थाने वापरते. 'चेष्टा' त्याला प्रयत्न वाटते, आजीला थट्टा. 'संसार' त्याला जग, तिला घरप्रपंच. दोन भाषांच्या सीमेवरील हे मतभेद वर्णानुक्रमी कोशात शेजारी शेजारी कधीच आले नसते.

उच्चाराचे दालनही आता उघडले आहे. 'जरा' हा शब्द थोडेपणाच्या अर्थाने दंततालव्य आणि वार्धक्याच्या अर्थाने शुद्ध तालव्य उच्चारला जातो. लिपी हा भेद दाखवीत नाही. ध्वनी ऐकवणारा कोश दाखवू शकतो. हिंदीच्या सान्निध्यात वाढलेल्या मराठी मुलांच्या उच्चारात हा भेद प्रथम पुसला जातो, म्हणून ही सोय केवळ शोभेची नव्हे.

अलीकडे कोश न उघडता यंत्रालाच अर्थ विचारण्याची सवय वाढत आहे. प्रचंड मजकुरावर शिकविलेली भाषाप्रतिमाने अस्खलित वाक्यांत अर्थ सांगतात, पण तो कोणत्या ग्रंथातून, कोणत्या प्रदेशातून, कोणत्या शतकातून घेतला हे विश्वासाने दाखवीत नाहीत. डेक्कन कॉलेजातील चिठ्ठीवर जे स्थळ लिहिलेले असे, तेच येथे गळालेले असते. ज्या बोलीचा लिखित मजकूर थोडा, तिच्याविषयी ही उत्तरे अधिक धीटपणे चुकण्याचा संभव असतो. नागपूरकडे कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. प्रमाण मराठीचा मजकूर वाचून शिकलेले यंत्र त्या शब्दाचा अर्थ दाक्षिणात्य आमटी असा करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याने वाचलेल्या मजकुरात विदर्भातली भाजीमंडई क्वचितच आली असेल.

प्रश्न अखेर सामग्रीचा आहे. ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात बस्तरच्या हळबीला मराठीच्या विवेचनात स्थान दिले. छत्तीसगढ हा मराठीच्या दृष्टीने सीमाप्रदेश आहे, ही जाणीव त्यामागे होती. छत्तीसगढीचे व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय यांनी लिहिले ते ग्रियर्सनच्याच इंग्रजी अनुवादातून १८९० मध्ये बाहेर आले. वैशाली नगरातील घरांत जी मराठी बोलली जाते, तिच्यात नागपुरी वळण, हिंदी क्रियापदे व कारखान्यातले इंग्रजी शब्द एकत्र नांदतात. ही मराठी छापली जात नाही. म्हणून छापील मजकुरावर उभ्या असलेल्या कोणत्याही संग्रहात ती येणार नाही, संग्रह तीस लक्षांचा असो वा तीस कोटींचा. मराठी विक्शनरीसारख्या खुल्या कोशात कोणीही नोंद करू शकतो, आणि भ्रमणध्वनीवर बोलणाऱ्याचा आवाज जागच्या जागी टिपता येतो. तशी नोंद करावयाची तर शब्द व अर्थ एवढ्याने भागणार नाही. बोलणाऱ्याचे मूळ गाव भंडारा की अमरावती, कुटुंब भिलाईस केव्हा आले, शब्द आजी वापरते की नातूही, आणि वाक्य कोणते, हेही लिहावे लागेल. डेक्कन कॉलेजातील चिठ्ठीवर जेवढी जागा असे, तेवढ्यात हे सारे मावते.